संशोधकांना बसायला लावणारं गाव

त्या सकाळी मी आंघोळ केली, रोजच्यासारखं सूर्याला पाणी दिलं आणि देवराईच्या फाटकापर्यंत गेलो. आत जाऊन कौल लावायचा होता. फाटकाला हात लावला आणि तसाच मागं फिरलो. घरी येऊन मोटरसायकल बाहेर काढली.

"बिरूकडं जाऊन येतो, कवठे महांकाळला," मी बायकोला म्हणालो.

"कौल लावला?"

"आल्यावर लावतो."

"देव काय पळून चाललाय व्हय? तुमीच पळताय," असं म्हणत तिनं भाकरी बांधून दिली.

आमचं गाव पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. गावाची देवराई जुनी. आतलं वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही, हा नियम. राखणीची पाळी घराघरांत फिरते आणि यंदा ती आमच्याकडे आहे. नेमकी यंदाच शहरातल्या एका संशोधन गटानं परवानगी मागितली. त्यांच्यात वनस्पतींमधल्या औषधांचा अभ्यास करणारे डॉक्टर होते, आमचा झरा मोजू पाहणारा इंजिनिअर होता, त्या झऱ्यावर गावाची किती कमाई उभी आहे हे पाहणारा अर्थशास्त्राचा माणूस होता. अशी रानं कोणत्या कायद्यानं टिकतील याचा अभ्यास करणाऱ्या एक बाई होत्या. आणि काळोख चांगला म्हणून पठारावर दुर्बीण मांडू इच्छिणारी खगोलवाली पोरंही होती. गावाचं एकमत होईना. शेवटी सगळे म्हणाले, पाळी तुझी, कौल तू लाव. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

माझी भीती वेगळी होती. डावी पडली तर चांगलं काम थांबेल. उजवी पडली आणि पुढं काही बिघडलं, तर मी म्हणणार, देवानंच सांगितलं होतं. माझं ओझं त्याच्या डोक्यावर टाकायला मन धजेना. सोमवारी ती मंडळी उत्तर घ्यायला येणार होती. असल्याच लोकांना बिरूच्या गावानं काही वर्षं पाहिलंय, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, देवाला विचारायच्या आधी माणसांना विचारावं.

जाणार असाल तर रस्ता अगदी सोपा आहे. पाटणमधून गुहागर-विजापूर महामार्ग धरायचा आणि तो सोडायचा नाही. कराड, कडेगाव, विटा, खानापूर, भिवघाट आणि मग नागज, तिथून मात्र कवठे महांकाळकडं वळायचं. टाकी भरून घ्या, जाऊन-येऊन पुरते. कराडपर्यंत कोयनेचा गारवा सोबतीला असतो. कडेगावच्या बाजूला मात्र हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर मोठमोठ्यानं गाणी लावून पुढं चाललेले असतात. तिथं घाई करू नका. विट्याच्या अलीकडं एका टपरीवर चहा घेतला आणि बायकोनं दिलेली भाकरी सोडली. टपरीवाल्यानं न मागता हिरव्या मिरचीचा ठेचा पुढं सरकवला आणि पैसे चहाचेच घेतले.

भिवघाटाच्या पुढं झाडं विरळ होत जातात आणि आभाळ मोठं होतं. बाभळी, दगड, मधेच कालव्याच्या पाण्यावर हिरवीगार झालेली द्राक्षबाग. डोंगरातल्या माणसाला आधी उघड्यावर पडल्यासारखं वाटतं. मग छाती मोकळी होते.

बिरू धनगर आहे. त्याच्या घरची मेंढरं दिवाळीनंतर आमच्या भागात उतरतात, ती त्याच्या बापाच्या काळापासून. ती आमच्या रानात बसतात. म्हणजे दिवसभर चरायचं आणि रात्री आमच्याच वावरात मुक्काम करायचा, लेंड्यांचं खत रानाला मिळतं. बदल्यात आम्ही धान्य देतो. यंदा गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मेंढरांमागं पुतणे गेले आणि बिरू घरी राहिला होता.

"या पावणं. बरं झालं आजच आलासा," तो म्हणाला. "आज बसायचा दिस हाय."

"मेंढरं तर आमच्याकडं आहेत."

"मेंढरं न्हाई रं. संशोधक."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्याची बायको सगुणा हुलग्याच्या पिठाचं गरम माडगं वाढत होती, ती हसली. "खावा आदी. मग दावतो तुमास्नी शिकल्याली मेंढरं."

जेवता जेवता बिरूनं सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी त्यांच्या गावात संशोधक मंडळी आली. रक्त तपासलं, विहिरी मोजल्या, बाजारात कोण काय विकतं ते विचारलं, टेकडीवर दुर्बीण लावली आणि गेली. दोन वर्षांनी परत आली, तेव्हा कुणी दारात उभं करीना. तेव्हा बिरूचा चुलता त्यांना म्हणाला, "रानात चरलं की तिथंच बसावं लागतंय. तुमी चरून गेला, बसला न्हाई."

त्यांना आधी समजलंच नाही. समजल्यावर ती बिरोबाच्या देवळापुढं बसली आणि जे जे सापडलं होतं ते साध्या मराठीत सांगू लागली. त्यात निघालं की गावाच्या खालच्या विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. पोरांचे दात पिवळे पडत होते ते त्यापायीच.

"त्यांच्या कागदात दोन वरसं आदीच व्हतं," बिरू म्हणाला. "आमी आपलं पीत व्हतो."

"मुद्दाम नव्हतं केलं," सगुणा म्हणाली. "त्यास्नी वाटलं, छापलं म्हंजे सांगितलं."

तेव्हापासून दरवर्षी एक दिवस त्यांनी बसायचं ठरलं. बसल्याशिवाय पुढच्या वर्षी चरायला मिळत नाही.

दुपारी देवळापुढं सतरंज्या पडल्या. एक तरुण डॉक्टरीण बायकांना रक्त कमी असल्याचं समजावत होती. मधेच तिनं एक लांबलचक शब्द वापरला.

"आवं बाई, ह्यो शब्द हितंच ठेवून जाणार का संगं नेणार?" सगुणानं विचारलं.

सगळे हसले, डॉक्टरीणही हसली आणि तिनं तेच पुन्हा नाचणी, गूळ आणि गोळ्यांच्या भाषेत सांगितलं. त्यांच्यातल्या इंजिनिअरनं वरच्या विहिरीजवळ पाणी मुरवायचा खड्डा कुठं घ्यायचा ते दाखवलं. गावातल्या दोघांनी जागेवरून वाद घातला, मग दुसरी जागा ठरली. कुणाची मान खाली गेली नाही.

खगोलवाल्यांनी दुर्बिणीवर काळी काच बसवून सूर्य दाखवायला ठेवला होता. रांगेत माझाही नंबर आला. इतकी वर्षं ज्याला रोज पाणी देतो, त्याच्याकडं मी असा कधी पाहिलाच नव्हता. केशरी, गोल, अगदी शांत. एका कडेला बारीक काळा डाग होता.

"तुमच्या देवाला बी तीळ हाय बघा," सगुणा मागून म्हणाली.

मी दुर्बिणीवरून डोळा बाजूला घेतला तेव्हा हात आपोआप जोडले गेले होते. इतक्या जवळून पाहूनही तो कुठं कमी झाला नव्हता. मनातली एक गाठ तिथंच सुटली. मुक्काम बिरूकडंच केला.

परत येताना तासगावला वळसा घेतला, गणपतीला नमस्कार केला. तुम्हीही थांबा, गोपूर पाहण्यासारखं आहे. बिरूच्या गावचं 'बसणं' आमच्याकडं चालेल, हे कळलं होतं. पण पानही बाहेर न्यायचं नाही, त्याचं काय करायचं? कराड सोडलं, कोयना पुन्हा बाजूला आली आणि वाहत्या पाण्याकडं पाहताना उत्तर सापडलं. देवराईतून पान बाहेर जात नाही, पण झरा तर रोज बाहेर येतो. त्याच्यावरच आमची भातं पिकतात. ते देवानं स्वतः सोडलेलं आहे.

इतक्या दिवसांनी त्या रात्री मला शांत झोप लागली. तिकडून काय आणलं म्हणाल, तर सगुणानं दिलेली हुलग्यांची पिशवी आणि ही झोप.

सोमवारी मंडळी आली तेव्हा गाव फाटकाशी जमलं होतं. मी अटी सांगितल्या. अनवाणी यायचं. बघा, मोजा, फोटो काढा, पण पान, माती, साल काही न्यायचं नाही. न्यायचं ते फक्त झऱ्याचं पाणी. आणि दरवर्षी देवापुढं बसून, काय सापडलं ते गावाला सांगायचं. कायदेवाल्या बाईंनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टरांना खरं तर साली हव्या होत्या. पण त्यांनी वाकून बूट सोडायला घेतले.

गावातले थोरले आबा पुढं आले. "कौल लावला न्हवं?"

"न्हाई आबा. शंका असली की कौल लावायचा. मला उरली न्हाई."

 मग आबांनी स्वतःच फाटकाची कडी काढली.

आत गेल्यावर मी देवापुढं नारळ ठेवला आणि काही न विचारता, काय ठरवलं ते त्याला सांगितलं. मग झऱ्यावर बसलो, डॉक्टरांच्या हातातली बाटली घेतली, विसळली आणि माझ्या हातानं भरून दिली.