पहिल्या रांगेतल्या सत्यशीलाबाई

"तू तिथं गाणं ऐकायला गेलतीस का?"

"मग कशाला गेलते?"

"माझ्यासंगं गेलतीस."

एवढं ऐकलं आणि मी ओसरीवर होते तिथंच थांबले. मुद्दाम कान दिला असं न्हाई. रतिबाचं दूध घालायला आलते, हातात चरवी होती आणि भांडं घेऊन कोणी बाहेर येईना. आत गहिनीनाथ आबा आणि त्यांची नवी बायको सत्यशीलाबाई भांडत होते. आबा तेव्हा आबा झालेले नव्हते. नुकतेच सरपंच झाले होते आणि मिशीला रोज तेल लावायचे.

"ती गाणारी सूर धरून बसली होती," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही उठलात. तुमच्या मागं सगळी रांग उठली. अर्ध्यावर राहिलं माझं गाणं."

"शेवटपर्यंत कोण बसतंय? ज्याला घरी काम न्हाई ते. पुढाऱ्यानं उशिरा जावं आन् लौकर उठावं. बसून ऱ्हायला तर लोक म्हणतेत, ह्याला कुत्रं इचारत न्हाई."

"मग मला नेऊ नका."

"न्हेणार. सत्कार जोडीनं असतोय."

तेवढ्यात सासूचा खोकला आला, खोकल्यामागून सासू भांडं घेऊन आली आणि भांडण मिटलं. म्हणजे थांबलं. आमच्याकडचं भांडण अंगणात येतं, गल्लीत जातं, चार जण ऐकून घेतात आणि दमून घरी परत येतं. मोठ्या घरचं भांडण माजघरातच राहतं, म्हणून ते लई वर्षं टिकतं.

आमचं गाव धर्मापुरीच्या वाटेवर. देवळामागं उताराचा माळ आहे, आणि देवाची यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी सांजच्याला तिथं गाण्याचा कार्यक्रम असतो. गाणारे लांबून येतात. खाली सपाटीला स्टेज, त्याच्यापुढं पांढऱ्या खोळी घातलेले सोफे, मग खुर्च्या, मग सतरंज्या, आणि सगळ्यात वर उतारावर आम्ही मेंढरंवाल्यांच्या बाया, आपापल्या गोधड्या घेऊन. पूर्वी चिंचेला कर्णा बांधायचे. आता भिंतीएवढा पडदा असतो आणि डोक्यावर ड्रोन भिरभिरतं, त्याला बघून मेंढरं बुजतात.

उतारावर आमचं बरं चालतं. शेंगा फोडाव्यात, पोराला पाजावं, झकास तान आली की "अगं बया" म्हणावं, कंटाळा आला की गोधडी झटकून चालू लागावं. आम्हाला कोणी बोलवत न्हाई, म्हणून कोणी उठवतबी न्हाई.

सत्यशीलाबाईंचं तसं नव्हतं. त्यांचं माहेर अंबाजोगाईचं. बाप शाळेत मास्तर, घरात पेटी. पेटी लग्नात द्यायची म्हणत होते, तर ह्या घरानं मोटारसायकल मागितली. पेटी भावाकडं राहिली आणि बाईंचा हात मोकळाच राहिला. वर्षातून एकदा माळावर गाणं असायचं, तेवढंच. आणि तिथं त्यांना मधल्या सोफ्यावर, आबांच्या डाव्या हाताला बसायला लागायचं. पुढं टीपॉय, त्यावर पाण्याची बाटली आणि काजूची बशी. काजूला हात लावायचा न्हाई. मान हलवायची न्हाई, कारण मागून फोटो निघतात. टाळी आबांनी वाजवली की वाजवायची. एकदा मला म्हणाल्या, "साखराबाई, माझी पायाची बोटं तेवढी हलतात गं, टीपॉयखाली. ती कुणाला दिसत न्हाईत."

दिवे लावणं, हार, शाल, नारळ, आबांचं भाषण, मग गाणं. पहिलं गाणं हळूच चालू व्हायचं. गाणारं माणूस जरा कुठं रंगात यायचं की आबांचा ड्रायव्हर हनुमान कनातीच्या फटीतून डोकं काढायचा. आबा हात जोडून उठायचे, बाई उठायच्या, मागून पंचमंडळी, सोसायटीचे चेअरमन, डॉक्टर, सगळी रांग. कुठं लग्न असायचं, कुठं सांत्वन, कुठं पाण्याच्या टाकीचं उद्घाटन. आबा पुढं पंचायत समितीवर गेले, कारखान्यावर संचालक झाले. पद जसं वाढलं तसं उठणं लौकर आलं. बाईंनी एवढी वर्षं एकबी कार्यक्रम चुकवला न्हाई, आणि एकबी गाणं शेवटपर्यंत ऐकलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन गेले की ओसरीवर त्याच वाट बघत असायच्या. "मग? पुढं काय झालं?"

आता गाण्यात पुढं काय होतं ते सांगावं कसं. मी म्हणायचे, "पुढं काय बाई, ती वर वर गेली. लई वर गेली. मला वाटलं आता पडती. तर तबलेवाला खाली उभाच होता, त्यानं झेललं तिला."

"मग?"

"मग दोघं पळाले."

बाई तोंडाला पदर लावून हसायच्या. "आणि संपलं कसं?"

"मेंढरं वाड्यात शिरतेत तसं. आधी धुरळा, आरडाओरडा, मग एकदम सगळं गप."

एवढ्यावर त्यांचं वर्ष निघायचं. मुलगा विजयसिंह मोठा झाला तेव्हा त्यानं आईला मोबाईल घेऊन दिला, त्यात गाणी भरून दिली. मी म्हणलं, आता बरंय, ऐका की शेवटपर्यंत. तर म्हणाल्या, "ह्यातलीला माहीत न्हाई मी ऐकतेय ते. माळावरची मला बघते. मी उठून जाताना तर चांगलीच बघते. तिचा सूर तसाच राहतो आणि डोळे माझ्या पाठीवर येतात. मला एकदा तिच्यासमोर शेवटपर्यंत बसायचंय."

बाईंचं मागणं तेवढंच होतं. सोनं मागितलं असतं तर आबांनी लगेच आणलं असतं.

मग एका वर्षी यात्रेच्या तोंडावरच आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आबा लातूरला पलंगावर, विजयसिंह त्यांच्याजवळ. फोनवर आबांनी सांगितलं, तूच जा, शाल घे, दोन शब्द बोल आणि ये. सकाळी मी दूध घालताना बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आज मी उठणार न्हाई."

"हनुमान येईल की बोलवाया."

"येऊ दे. त्याला काय मला उचलून न्यायचंय?"

त्या सांजेला मी गोधडी जरा खाली, सतरंजीपर्यंत आणून टाकली. शेजारणी म्हणाल्या, कावून गं, आज पुढं? मी म्हणलं, थंडी हाय वर.

गाणारी वनमालाबाई म्हणून होती. वयस्कर, चष्मा लावलेली, आमच्यातलीच कोणी वाटावी अशी. सत्यशीलाबाईंचा सत्कार झाला, भाषणं झाली, गाणं सुरू झालं. हळू, विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढावं तसं. हनुमाननं फटीतून डोकं काढलं. बाईंनी बघितलं न्हाई. त्यानं घसा खाकरला. बाई हलल्या न्हाईत.

आता पंचाईत झाली पहिल्या रांगेची. बाई उठल्याशिवाय कोणाला उठता येईना. सरपंचाच्या मेहुण्याचं लग्न होतं सिरसाळ्याला. तो घड्याळ बघायचा आणि बाईंकडं बघायचा. डॉक्टरचा फोन खिशात थरथरत होता. चेअरमन एकदा अर्धे उठले, बाई बसलेल्या दिसल्या तसे शर्ट नीट करायला उठल्यासारखं करून परत बसले. मला लई मजा वाटली. एवढ्या वर्षांत ती रांग पहिल्यांदा गाणं ऐकत होती.

सूत्रसंचालनाला बजरंग मास्तर. शाळेतून रिटायर झाले तरी माईक सोडला न्हाई. ते स्टेजच्या कडेला घाबरे झाले. माझ्या गोधडीजवळच, कनातीला लागून, त्यांची आणि उपसरपंच आश्रुबाची कुजबुज चालली.

"बाई कावून उठंनात?"

"रागावल्या जनू."

"शाल दिली की."

"शाल दिली, पर दिली कुनी? मी दिली. उपसरपंचानं. सरपंचानं द्याय पायजे व्हती."

"मंग आधी बोलायचं न्हाई का बे? आबाला कळलं तर माळावरचा कार्यक्रम आपल्याकडून काढून घेईल."

मी म्हणलं, "मास्तर, बाई गाणं ऐकायल्यात."

मास्तरांनी माझ्याकडं, मेंढरू बोलल्यावर बघावं तसं बघितलं आणि स्टेजकडं गेले.

वनमालाबाई तेव्हा सुरात वर निघाल्या होत्या. डोळे मिटलेले, एक हात हवेत. सत्यशीलाबाई सोफ्याच्या कडेवर आल्या होत्या, आणि त्यांची मान हलत होती. सगळ्या माळासमोर हलत होती. मास्तरांनी माईकमधून फुंकर मारली आणि म्हणाले, "एक मिनिट, ताई, एक मिनिट."

तबला थांबला. वनमालाबाईंनी डोळे उघडले.

"मंडळी, आनंदाच्या भरात आपल्याकडून एक सत्कार राहून गेला."

दुसरी शाल आली. दुसरा नारळ आला. सरपंच पळत वर चढला, इतका पळत की त्याची चप्पल खाली राहिली. बाईंना हाताला धरून वर नेलं. टाळ्या पडल्या. ती गाणारीबी बिचारी हात जोडून उभी राहिली. मग बाईंच्या हातात माईक दिला, दोन शब्दांसाठी.

बाई म्हणाल्या, "मला गाणं ऐकायचंय."

स्पष्ट म्हणाल्या. उतारावरच्या म्हातारीलाबी ऐकू गेलं. आणि लोकांनी ज्या टाळ्या वाजवल्या म्हणता. मास्तरांचे डोळे भरून आले. त्यांनी माईक परत घेतला. "बघा मंडळी, घरी यजमान आजारी, डोक्यावर तालुक्याचा व्याप, आणि तरी कलेची केवढी कदर. पण आपण तरी त्यांचा किती वेळ घ्यायचा? बाईंना आपण आदरानं निरोप देऊ."

रांग उभीच होती. हनुमाननं गाडीचं दार उघडलं होतं. लोकांनी दोन्ही बाजूला सरकून वाट केली, स्टेजपासून थेट गाडीपर्यंत. एवढी नीट वाट केली की दुसरीकडं पाय टाकायला जागा उरली न्हाई. बाई त्या वाटेनं गेल्या.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर होत्या. विचारलं, "मग? पुढं?"

"पुढं न्हाई झालं. ते गाणं ऱ्हायलंच. ती म्हणाली, तुटलं आता. दुसरंच घेतलं."

"म्हणजे तुम्हा वरच्यांनाबी शेवट मिळाला न्हाई?"

"न्हाई."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. मग आपलंच आपल्याला हसू आलं त्यांना, आणि मग दूध घेऊन आत गेल्या त्या त्या दिवशी बाहेर आल्याच न्हाईत.

आबा त्या ऑपरेशनातून उठले, चार वर्षं काठी टेकत उशिरा गेले, लौकर उठले, आणि मग वारले. मला वाटलं, आता तरी बाई सुटल्या. पण विजयसिंह म्हणाला, आई, आबांच्या जागी तूच. कार्यक्रमाच्या फलकावर बाईंचा फोटो आला. आधी त्या आबांच्या मागं उठायच्या, आता सगळे त्यांच्या मागं उठायला लागले. विजयसिंहच्या मागं कामं आबांच्या दुप्पट, म्हणून गाडी माळावरून पुढं तेलगावला न्हाईतर आणखी कुठं जायची, आणि बाईंना तिथंबी शाल असायची.

एकदा मी म्हणलं, "बाई, वर या की आमच्यात. माझं एक जुनं लुगडं देते, डोक्यावरून घ्या, कोण वळखतंय?"

त्यांनी खरंच विचार केला. पायरीवर बसून, बोटानं फरशीवर रेघा ओढत केला. मग म्हणाल्या, "तुझ्या शेजारणी वळखतील. मी आले की सगळ्या उठून उभ्या राहतील."

आम्ही उठलोच असतो. मी पहिली उठले असते.

मागच्या वर्षी यात्रा झाली आणि पंधरवड्यात बाई वारल्या. छातीत पाणी झालं होतं, डॉक्टरनं गारठ्यात बसू नका म्हणून सांगितलं होतं. पण विजयसिंहला गाण्याच्या सांजेलाच मुंबईला जायचं होतं. म्हणाला, आई, पाच मिनिटं जाऊन ये, न गेल्यावर बरं दिसत न्हाई. तशा त्या माळावर गेल्या.

मी वर उतारावर होते. गाडी आली, दार उघडलं, बाई उतरल्या, अंगावर जाड शाल. मधल्या सोफ्यावर बसल्या. दिवा लावला. वरून दुसरी शाल घेतली, नारळ घेतला. बजरंग मास्तरांनी दोन शब्द मागितले, बाईंनी हात जोडले. गाणाऱ्या पोरीनं तंबोऱ्याला कान लावला आणि सूर धरला. पोरगी चांगली होती. बाईंनी जरा ऐकलं. मग हनुमाननं फटीतून डोकं काढायच्या आधीच, गुडघ्यावर हात टेकून, त्या उठल्या. रांग उठली. बाईंनी स्टेजकडं बघून पोरीला नमस्कार केला, नारळ हनुमानकडं दिला आणि गाडीत जाऊन बसल्या.