फणसेंनी व्हिसा ऑफिसात काय केलं?

“...दोघांनी धरून बाहेर काढलं होतं तुम्हाला! सांगू केतकीला? सांगू, त्या व्हिसा ऑफिसात तुम्ही काय केलं होतंत ते?”

शेजारच्या सुधाताईंचं एवढंच ऐकलं, आणि पलीकडच्या घरातल्या गोऱ्या आजोबांनी नेमकं तेव्हाच गवत कापायचं मशीन सुरू केलं! मी मागच्या गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होते. म्हणजे, घालून झाले होते. तरी उभी होते.

लंडनच्या क्रॉयडनमधली आमची घरं एकाला एक चिकटलेली. मधली भिंत अशी की शेजारी शिंकले तर आम्ही इकडून ‘ब्लेस यू’ म्हणतो. अशा घरात किस्से गोळा करावे लागत नाहीत. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर पाणी जमतं ना, तसे ते आपोआप जमतात. पुसलं तरी सकाळी पुन्हा आहेतच!

शेजारी म्हणजे मोहनराव फणसे आणि सुधाताई. त्यांची केतकी इथंच जन्मली, इथंच वाढली, त्यामुळे मराठीत ‘तो’ काय, ‘ती’ काय, तिला सगळं सारखंच. लग्नानंतर नवऱ्याबरोबर अमेरिकेत गेली. दोघंही तिकडे कामाच्या व्हिसावर. आता तिला दिवस गेलेत. आणि तिकडच्या अध्यक्षांनी आदेश काढलाय की आईबाप असे व्हिसावर असतील, तर तिथं जन्मलेलं मूल अमेरिकन नाही. कोर्टानं आदेश अडवलाय, सगळ्यात वरच्या कोर्टाचा निकाल यायचाय. बाळ आधी की निकाल आधी, अशी शर्यत लागलीय!

आणि होणारे आजोबा मोहनराव कुणाच्या बाजूचे? अध्यक्षांच्या!

*

फणसेंकडे टीव्ही दोन. खाली मोहनराव बघतात त्या चॅनेलवर अध्यक्ष बरोबर असतात. वर सुधाताई बघतात त्या चॅनेलवर तेच अध्यक्ष चूक असतात. दोघांनाही आता कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज फुल!

एका संध्याकाळी खालून आलं, “लोकांनी निवडून दिलाय, त्याला पॉवर नको?” वरून आलं, “पॉवर आहे म्हणून काहीही करायचं?” मला कळेना, हे टीव्हीवाले भांडतायत की नवराबायको!

आमचे हे सोफ्यावर डोळे मिटून पडले होते. म्हणाले, “नलू, टीव्ही बघायची सरकारी लायसन फी आपण एका टीव्हीची भरतो आणि ऐकतो तीन. कुणाला सांगू नकोस.”

*

शनिवारी चहाला सगळे आमच्याकडे जमतात. फणसे जोडपं, भोसले आणि सुजाता गायकवाड. पूर्वी कोण कुठं बसेल याला काही धरबंध नव्हता. पण अमेरिकेचं सुरू झाल्यापासून लोक बाजू बघून बसायला लागले! खिडकीकडे मोहनराव, समोरच्या सोफ्यावर सुधाताई आणि भोसले. मधे टीपॉय. अगदी पार्लमेंट!

एकदा मी साबुदाण्याचे वडे खिडकीकडे ठेवले. भोसले, ज्यांनी आत्ताच अध्यक्षांचा आदेश कसा घटनेच्या विरुद्ध आहे ते तावातावानं सांगितलं होतं, ते हळूच उठले आणि मोहनरावांच्या शेजारी जाऊन बसले.

सुधाताई म्हणाल्या, “काय हो भोसले, पक्ष बदलला?”

भोसले तोंडात वडा घेऊन म्हणाले, “छे, छे! विरोधच आहे. फक्त जवळून करतोय!”

*

कौन्सिलच्या निवडणुकीत एक तरणा पोरगा पत्रकं घेऊन दारोदार फिरत होता. त्यानं फणसेंची बेल वाजवली आणि चूक केली. विचारलं, “सर, तुमच्या दृष्टीनं महत्त्वाचे प्रश्न कोणते?”

मोहनराव म्हणाले, “चांगलं विचारलंस.” आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापासून सुरुवात केली! अध्यक्ष मोठा की जज मोठा, एका गावातल्या जजनं अख्ख्या देशाचा आदेश का अडवावा, सगळं झालं. पोरगा एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी माझ्या दारात कुंडीतली माती सारखी करत होते, त्यामुळे मला सगळं ऐकावंच लागलं.

शेवटी त्यानं धीर करून विचारलं, “आणि सर, कचऱ्याच्या बिन्सबद्दल काही मत?”

वरची खिडकी उघडली. सुधाताई ओरडल्या, “बिन्सबद्दल त्यांना काही मत नाही! त्या मीच बाहेर काढते!”

*

सुजाता गायकवाड आमच्यातली एकटी वकील, त्यामुळे बिचारीला चहा धड पिता येत नाही. ‘सुजाता, स्टे म्हणजे काय गं?’ ‘सुजाता, अध्यक्षांनी कोर्टाचं ऐकलंच नाही तर?’

एकदा कप खाली ठेवून ती म्हणाली, “नलूताई, मी घरांच्या खरेदी-विक्रीची सॉलिसिटर आहे. अमेरिकेला आपला देश विकायचा असेल तर माझ्याकडे पाठवा. पेपर्स मी नीट बघीन!”

पण सुधाताईंसाठी तिनं एकदा सगळं वाचून काढलं आणि समजावलं. “हे बघा, केतकी ब्रिटिश आहे ना? मग बाळ तिकडे जन्मलं तरी ब्रिटिश असेलच. अगदीच कुठल्याच देशाचं नाही, असं होणार नाही.”

मोहनराव खूश! “बघा! मी म्हणतच होतो, उगाच घाबरवतात लोकांना.”

सुधाताई म्हणाल्या, “अहो, पण ते राहणार तिकडे ना? आईच्या कुशीत असतानाच व्हिसाच्या लाइनीत उभं करायचं त्याला?”

यावर मोहनराव चहा प्यायले. चहा संपला होता, तरी प्यायले.

*

बुद्धपौर्णिमेला सुजाताकडे आम्ही सगळे खीर खायला गेलो होतो. वंदना झाली, सगळे शांत बसलेले. तेवढ्यात सुधाताईंचा फोन ‘टिंग’ करून वाजला!

त्यांचा चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, “निकाल आला वाटतं. मला नाही बघवत.” मोहनरावांनी हात पुढे केला, तर म्हणाल्या, “तुमच्याकडे तर मुळीच नाही!” मग फोन भोसलेंकडे, भोसलेंनी चष्मा नाही म्हणून माझ्याकडे. खीर गार होतेय.

मी वाचलं. मग म्हणाले, “सुधाताई, तुमचं पार्सल आलंय. शेजारी ठेवलंय.”

“शेजारी कुणाकडे?”

“माझ्याच पोर्चमध्ये!”

कुणी हसलं नाही. सुधाताई खिरीच्या वाटीकडे बघत म्हणाल्या, “रोज असं होतं हो. रोज.”

*

मग केतकीचं डोहाळजेवण झालं. ती तिकडे, आम्ही इकडे, मधे लॅपटॉप. सुधाताईंनी लॅपटॉप पाटावर ठेवला, भोवती रांगोळी काढली, फुलांची वाडी केली. ओटी भरायची वेळ आली तेव्हा नारळ कुठं ठेवायचा कळेना, तो कीबोर्डवर ठेवला आणि केतकीचा आवाजच बंद झाला! हसून हसून पुरेवाट.

नारळ काढल्यावर वाट्यांचा खेळ. दोन झाकलेल्या वाट्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सुधाताईंनी वाट्या कॅमेऱ्यापुढे धरल्या. केतकी म्हणाली, “डावी.”

“तुझी डावी की आमची डावी?”

यावरही वाद झाला! आणि त्या गडबडीत मागून मोहनराव मोठ्यानं म्हणाले, “अगं, मुलगा-मुलगी राहू दे! अमेरिकन की पाहुणा, ते ओळख!”

भोसले हसायला लागले आणि मधेच थांबले.

केतकीनं विचारलं, “बाबा, हे जोक होता?”

तेव्हा तरी ‘हो’ म्हणायचं की नाही? पण नाही! म्हणाले, “जोक कसला? तिथं जन्मला म्हणून लगेच तिथला झाला, असं कुठं असतं का? प्रिन्सिपल म्हणून काही आहे की नाही?”

केतकी शांतपणे म्हणाली, “माझा बाळ प्रिन्सिपल नाहीये, बाबा.”

आणि स्क्रीन काळी झाली. वाट्या तशाच राहिल्या, कुणी उघडल्याच नाहीत. त्या दिवसापासून केतकीनं बापाचा फोन उचलला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी मी कुंपणापाशी ते अर्धं वाक्य ऐकलं.

*

मी फक्त भोसलेंना सांगितलं. भोसलेंनी कुणाला सांगितलं मला माहीत नाही. पण शनिवारपर्यंत फणसेंनी खोटे कागद दाखवले होते, ऑफिसरवर हात उचलला होता, रात्रभर पोलिसांकडे काढली होती! ब्रिस्टलहून एका ओळखीच्या बाईंचा मला फोन, “अहो, तुमच्या शेजारच्यांना परत पाठवणार आहेत म्हणे?”

एवढा सरळ माणूस! सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नलवर काढलेला, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा हिरवा दिवा लागेपर्यंत उभा राहणारा. पण म्हटलं, सुधाताई स्वतः म्हणाल्या ना, धरून बाहेर काढलं म्हणून! मला चैन पडेना. विचारायची सोय नाही, आणि न विचारता राहवत नाही.

सुजातानं मला किचनमध्ये गाठलं. “नलूताई, तुम्ही ऐकलंत किती?”

“अर्धं.”

“आणि सांगितलंत किती?”

“दीड.”

*

मग सुधाताई बाळंतपणासाठी अमेरिकेला गेल्या. तिकिटं दोघांची काढायची ठरली होती, पण केतकीनं कळवलं, “बाबा आत्ता नको.” टॅक्सी आली तेव्हा मोहनरावांनी बॅगा ठेवल्या, दार लावलं, आणि टॅक्सी वळली तरी हात हलवत राहिले.

घरात दोन टीव्ही, पण एकाचाही आवाज नाही. आमचे हे म्हणाले, “नलू, भिंत जाड केली का गं कुणी?” मी डबा पाठवायला लागले.

एका दुपारी मोहनराव रिकामा डबा घेऊन दारात उभे. दाढी वाढलेली. आत आले, बसले, उठले, खिडकीपाशी गेले, पुन्हा बसले. म्हणाले, “डॉक्टर म्हणतायत, कधीही होईल. नलूताई, तुमचा फोन जरा देता का? माझा ती उचलत नाही.”

मी केतकीला फोन लावून, आवाज फुल करून त्यांच्या हातात दिला आणि टेबल पुसायला घेतलं. टेबल स्वच्छ होतं.

“काकू! बोला ना!”

“काकू नाही. मी आहे.”

“आई बाथरूममध्ये आहे.”

“आईशी नाही बोलायचंय. एक सांगतो, मग हवं तर ठेव.” त्यांनी घसा खाकरला. “तू चार महिन्यांची होतीस. तुझा पासपोर्ट करायला अर्ज केला, तर कळलं की तू ब्रिटिश नाहीस. आम्ही दोघं वर्क परमिटवर ना. इथं जन्मलीस, पण इथली नाहीस. तेव्हाही इथला कायदा असाच होता.”

“मी? मला कधी कुणी सांगितला नाही!”

“पुढे आम्हाला कायम राहायची परवानगी मिळाली, मग तुझी नोंद झाली. विषय संपला. सांगायचं काय त्यात? पण त्या दिवशी मी तुला घेऊन व्हिसा ऑफिसात गेलो होतो. काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, नियम आहे. आणि मी ओरडलो.”

“तुम्ही? ऑफिसमध्ये?”

“सगळ्यांसमोर. म्हटलं, दोन रस्ते सोडून ते हॉस्पिटल आहे, तिथं जन्मलीय ही! इथली व्हायला आणखी कुठं जन्मायचं हिनं? काचेवर हात आपटला. तुझी आई मागून कोट ओढतेय. मग दोन गार्ड आले.”

माझं फडकं थांबलं. म्हणजे खरं होतं!

केतकी म्हणाली, “आणि दोघांनी तुम्हाला धरून बाहेर काढलं?”

“एकानं मला धरलं होतं. दुसऱ्यानं तुझी बाबागाडी. पायऱ्या होत्या ना!” मोहनराव फोनकडे नाही, खिडकीबाहेर बघत होते. “मी खाली उतरेपर्यंत ओरडतच होतो. तो बाबागाडी धरलेला गार्ड मला म्हणाला, ‘सर, आवाज जरा कमी. बाळ उठेल.’”

मला वाटलं, ठेवला फोन. मोहनरावांनीही कानापासून काढून बघितला, पुन्हा कानाला लावला.

“बाबा, मग मी उठला का?”

“तू? छे! तू कसली उठतेस!”