सांडव्यावरची ताटी

आभाळ भरून आले की पत्रूभाऊंना एका जागी बसवत नाही. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जातात, सांडवा पाहतात, घरी येतात, पुन्हा जातात. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीने त्यांना तलावाची राखण दिली होती. माझे सायकलचे दुकान आणि घर तलावाच्या वरच्या अंगाला आहे, म्हणून ही ये-जा मी कित्येक वर्षे पाहतो आहे.

तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून खालच्या बोडीत उतरायचे. बोडी म्हणजे पाणकणसांनी भरलेली खोलगट जागा. तिथे पाणी पसरायचे, मुरायचे आणि दमादमाने नाल्याला लागायचे. गाव वाढले तसा बोडीत मुरूम पडला, प्लॉट पडले आणि दोन पावसाळे खालचा मोहल्ला कमरेएवढ्या पाण्यात राहिला. सिमेंटची मोठी नाली बांधायची बैठक झाली, तेव्हा पत्रूभाऊ मागून उठले.

"नाली पाण्याले पळवते, साहेब. त्याले बसाले जागा द्या ना."

"खुर्ची देतं का पाण्याले, पत्रू?" कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले. मीही हसलो असेन. पण करिष्माताई नावाच्या तरुण इंजिनीअरने ते वहीत लिहून घेतले. पुढच्या उन्हाळ्यात मुरूम निघाला, बोडी पुन्हा खोल झाली, काठाने पाणकणीस लावले गेले.

गेल्या श्रावणात तलाव भरत आला. ढिवरांची जुनी रीत अशी, की सांडवा वाहू लागायच्या आत तिथे बांबूची ताटी बांधायची. पाणी जाते, मासे राहतात. करिष्माताईंनी ताटी नको म्हणून बजावले होते आणि पत्रूभाऊंनी मान डोलावली होती. पण तलावात सोसायटीतल्या बावीस घरांचे रोहू-कतला मासे होते. पत्रूभाऊंनी ताटी बांधली.

पूर्वी पाण्यासोबत पाला यायचा, आता आमच्या वस्तीतल्या प्लास्टिकच्या पन्न्या येतात. दुपारपर्यंत पन्न्यांच्या लगद्याने ताटीची भिंत झाली. पाणी मागे फिरले आणि माझ्या घरात शिरले. सून तबस्सुम लेकराला घेऊन पलंगावर चढली. मी पाळीवर धावलो.

पत्रूभाऊ सांडव्याच्या तोंडाशी विळा घेऊन उभे होते. पाळीवरून त्यांची बायको इंदिराबाई ओरडत होती, "साऱ्या गावाले जागा द्या म्हणत होते, अन् दार तुमीच लावलं!"

"भाऊ, कापू नोका!" सोसायटीचा दसरू दुसऱ्या बाजूने हात जोडत होता. "वरसाची मासोळी जाईन. लोकायले काय सांगू?"

पत्रूभाऊंनी माझ्याकडे पाहिले. "सादिकभाऊ, तुमच्या घरी किती चढलं?"

बावीस घरे डोळ्यांपुढे आली. मला खरे बोलवेना. "उंबऱ्यापर्यंत," मी म्हणालो.

"खोटं बोलून राह्यले. पायजमा मांडीपर्यंत ओला हाय तुमचा."

त्यांनी दोर कापले. ताटी उलटली आणि पाण्यासोबत मासे चकाकत खाली गेले. पत्रूभाऊ मात्र तिकडे न बघता सांडव्यात अडकलेल्या पन्न्या ओढत राहिले. पाणी बोडीत पसरले. खालच्या मोहल्ल्यात चूलही विझली नाही. संध्याकाळी माझ्या घरातली फरशी दिसू लागली.

दुसऱ्या दिवशी बोडीतल्या पाणकणसांत मासे उसळत होते. सोसायटीच्या हाती निम्मे लागले. उरलेले खालच्या मोहल्ल्याने मच्छरदाण्या लावून धरले. पत्रूभाऊंकडून राखण काढून घेतली गेली. चूक माझीच, एवढेच ते म्हणाले. ती ताटी आता इंदिराबाईंच्या वाडीला कुंपण म्हणून लागली आहे.

यंदा सांडवा मोकळा आहे. तरी काल ढग आले तसे पत्रूभाऊ दुकानाशी येऊन थांबले.

"सांडव्यात पन्नी त नाई ना अडकली, सादिकभाऊ?"

मी सकाळीच पाहून आलो होतो, तसे त्यांना सांगितलेही. ते हलले नाहीत. मी हातातला पाना खाली ठेवला आणि त्यांच्यासोबत निघालो.