व्हय म्हणजे कळलं नव्हे

नातेपुत्याच्या शाळेतल्या वाघमोडे सरांनी माझ्या वडिलांची समजूत घालून मला इंजिनिअरिंगला पाठवलं नसतं, तर त्या मंगळवारी सोलापुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात उभं राहून मी माझ्याच विद्यार्थ्यांवर दातओठ खात नसतो. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. सरांचे उपकार फार मोठे आहेत. त्या दिवशी मात्र मला शेतीच बरी वाटत होती.

मी कॉलेजात युजेबिलिटी शिकवतो. म्हणजे आपण बनवलेली वस्तू लोकांना कुणी न सांगता वापरता येते का, हे तपासायला शिकवतो. तपासण्याचा नियम एकच. बनवणाऱ्याने तोंड बंद ठेवायचं आणि वापरणारा कुठे अडतो ते बघायचं.

फायनल इयरच्या प्रणव आणि श्रावणीने या दवाखान्यासाठी टोकनची स्क्रीन बनवली होती. पेशंटने स्क्रीनवर विभाग निवडायचा, खालून चिठ्ठी येणार, त्या विभागाच्या रांगेत बसायचं. शुक्रवारी उद्घाटन होतं आणि त्याच दिवसापासून केसपेपरची खिडकी बंद होणार होती. त्यानंतर स्क्रीन ज्याला कळली नाही, तो चुकीच्या डॉक्टरपुढे जाऊन बसणार.

दोघांच्या रिपोर्टात एकही अडचण नव्हती. 'सर्व युजर्स समाधानी.' मला शंका आली. मी व्हिडिओ मागितला. त्यात प्रणव एका बाईंच्या खांद्याशी उभा होता.

"मावशी, हितं दाबा. न्हाय न्हाय, त्याच्या खालचं. हां! कळलं का?"

"व्हय व्हय. लई भारी केलंय की, बाळा."

मी व्हिडिओ थांबवला. "प्रणव, ही टेस्ट आहे?"

"सर, त्या व्हय म्हणाल्या की."

"अरे, आपल्याकडं व्हय म्हणजे तू बोल, मी ऐकतेय. व्हय म्हणजे कळलं नव्हे!"

श्रावणी म्हणाली, "मग नाही कोण म्हणणार, सर? पोरांनी एवढं केलंय म्हटल्यावर सगळे चांगलंच म्हणणार."

तिचं बरोबर होतं. म्हणून मी जास्तच चिडलो.

मंगळवारी दोघांना घेऊन दवाखान्यात गेलो. प्रणवला हात मागे बांधून उभं केलं. एक आजोबा स्क्रीनपुढे आले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बोट पुढे केलं, मागे घेतलं. मग वळून नुसतं बघितलं, आणि हा पठ्ठ्या धावला.

"काय होतंय, आजोबा?"

"गुडघा रं."

"मग हितं दाबा. ऑर्थोपेडिक्स."

मी त्याला बाजूला ओढलं. "तोंड बंद ठेवायचं म्हणजे काय?"

"सर, म्हातारा माणूस ताटकळलाय आणि मी बघत उभा राहू? आईला कळलं तर घरात घेणार न्हाय मला."

अख्खं सेमिस्टर मी हाच नियम शिकवला होता. पोरगं संस्कारी निघालं, त्याला मी काय करणार? तेवढ्यात एचओडींचा फोन आला.

"माने, झाली ना टेस्ट? बॅनर छापायला गेलाय."

"सर, स्क्रीन लोकांना कळत नाहीये."

"रिपोर्टात तर कळतेय!" त्यांनी फोन ठेवला.

मी वैतागून बाकावर बसलो. आपल्याकडं कुणाला तोंडावर नाही म्हणवत नाही. तेव्हा 'कळलं का' विचारण्यात अर्थ नव्हता. ज्याने टोकन घेतलं, त्यालाच पुढच्याला शिकवायला सांगितलं तर?

पुढच्या बाई आल्या. प्रणवने सवयीने विचारलंच, "काय होतंय?" त्या म्हणाल्या, "खाज सुटतीया." त्याने बटण दाबून चिठ्ठी हातात दिली. या वेळी मी अडवलं नाही. दवाखान्याचे मॅनेजर शेजारी येऊन उभे होते.

"सोपं आहे ना, मावशी?" मॅनेजरांनी विचारलं.

"व्हय व्हय, लई सोपं."

मॅनेजर खूश होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मावशी, मागच्या ताईंना तेवढं दाखवता का, कसं करायचं?"

त्यांनी स्क्रीनकडे बघितलं. मग आमच्याकडे. "मला काय म्हाईत? ह्या पोरानं दाबलं, चिट्टी आली."

"आणि डॉक्टर कुठले?"

"कानाचं. कानात खाज सुटतीया न्हवं का!"

श्रावणीने चिठ्ठी वाचली. चिठ्ठी त्वचारोगाची होती. मॅनेजर प्रणवकडे बघत राहिले. प्रणवने, सेमिस्टरमध्ये पहिल्यांदाच, तोंड बंद ठेवलं.

त्या रविवारी मी वाघमोडे सरांना पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

सादर नमस्कार. उद्घाटन शुक्रवारीच झालं. बॅनर छापला होता, त्यामुळे ते टळणार नव्हतं. पण केसपेपरची खिडकी चालू ठेवायला लावली. मुलं आता विभागांच्या इंग्रजी नावांऐवजी कान, डोळा, गुडघा अशी चित्रं टाकतायत. पुन्हा टेस्ट होईल, तोवर खिडकी बंद होणार नाही. प्रणवला मी टेस्टिंगचे मार्क दिले नाहीत. तो म्हणतो, "मदतीचे तरी द्या की, सर."

मी नेमकं काय शिकवतो, हे तुम्ही दर दिवाळीला विचारता. मी सांगतो आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणता. म्हणून या वेळी सविस्तर लिहिलंय. वाचून झालं की काकूंना समजावून सांगा, आणि त्यांना काय समजलं ते मला कळवा. नुसतं 'छान' मी धरणार नाही.

आपला विद्यार्थी,
दत्ता माने