पहिल्या तोड्याची वांगी

शांता, वलगाव सोडलं त्या सकाळी मुलाच्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी तू वांग्याच्या बियांची पुरचुंडी माझ्या मांडीवर ठेवलीसच. बोलली मात्र काही नाहीस. जावा जावा म्हणून बावीस वर्षं एका मळ्यात राबलो, भांडलोही तिथंच. तू बोलली नाहीस म्हणून मीही तोंड फिरवलं. चुकलंच माझं.

अकोल्याचं हे रो-हाऊस झकास आहे, नावं ठेवायला जागा नाही. समोर बगिचा. एका रांगेत आठ घरं, सगळी सारखी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा भलत्याच दाराला चावी लावली. मुलगा-सून नऊला कामावर जातात. मग दिवसभर करमत नाही. संध्याकाळी बगिच्यात बसते. बायका कानात वायरी घालून झपाझप चालतात. ‘काहून एकटी बसली वं?’ असं कोणी विचारत नाही.

मागं चार हात माती आहे. तिथं तुझं बी लावलं, वांगी धरली. सासूबाईंचं तुला ठाऊकच आहे, “पयला तोडा वानोळा वाटल्याबिगर चुलीवर चढवू नका.” म्हणून सातही घरी वाटायला गेले. दारं बंद. मग प्रत्येक कडीला एकेक पिशवी अडकवून आले. नाव कशाला लिहायचं? वलगावात वांगं पाहून मळा ओळखतात.

संध्याकाळी वॉचमन सातही पिशव्या घेऊन दारात उभा.

“मावशी, कोणाची तरी डिलिव्हरी चुकली पाहा. सारे म्हनते, आमी नाई मागवलं. तुमची हाये काय?”

माझीच, म्हटलं. सून म्हणाली, आई, इथं आधी विचारून द्यावं लागतं. राग आला, शांता, अन् मोरीत जाऊन रडले.

त्यातली एक पिशवी वॉचमनला दिली. माणूस आपल्याच जिल्ह्यातला, धारणीकडचा. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी परत आणली, तर आत गावाकडची मूठभर तूर. पिशवी रिकामी कशी देऊ, म्हणाला. त्या दिवशी मी वांगी चुलीवर, म्हणजे गॅसवर, चढवली.

तेव्हापासून तुझं पुरचुंडीचं फडकं डोळ्यापुढून हलत नाही. तेही रिकामं कसं पाठवू? एक वांगं झाडावरच पिकू दिलं आहे. बी धरलं की फडक्यात बांधून मीच वलगावला घेऊन येते. घर अजून तिथंच आहे माझं. या खेपेला आधी मी बोलेन.