आयरिश बाईचा राहून गेलेला आशीर्वाद

आमच्या रनाळ्यात दुभाष्या म्हणून मी जी चंगळ केली, ती कलेक्टरच्या शिरस्तेदारानंही केली नसेल. मिशनची नर्सबाई पुस्तकातली मराठी बोलायची, आमची आई अहिराणी, आणि मधे मी, नवा नवा बाप झालेला. बाई म्हणायची, "बाळाला उघडं ठेवू नका." मी आईला सांगायचो की बाई म्हणते, तुमच्या मुलाला दोन भाकरी जास्त वाढा.

ही बाई आयर्लंडची. तिला बैलगाडीतून आणणं-पोहोचवणं माझ्याकडे. वाटेत ती तिच्या घरची बोली शिकवी. इंग्रजी नव्हे, इंग्रजी म्हटलं की तिचं नाक आक्रसायचं. त्यांच्याकडेही बारा कोसांवर भाषा बदलते. भीतीला कुणी 'अगला' म्हणतात, तिच्या गावाकडे 'फातीस'. आणि त्या बोलीत भीती वाटत नाही, अंगावर असते, घोंगडीसारखी. मी हसलो होतो. गाडी हाकणाऱ्याला हसायला काय जातं?

मग पोराला डबा झाला, छाती कफानं भरली. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायचा. गावात डब्यावर एकच इलाज, तापल्या सळईनं पोटावर डाग. डाग देणाऱ्याला निरोप धाडू का, असं आई सकाळपासून विचारत होती. मी बाईला घेऊन आलो. तिनं छाती ऐकली, औषध पाजलं, संध्याकाळी पुन्हा येते म्हणाली. आणि उठता उठता पोराकडे पाहून बोलून गेली, "किती देखणा आहे!"

एवढी मराठी आईला कळत होती. तिनं पोराला पदराखाली घेतलं. मला दारात गाठून सांगितलं, "आते ती मन्हा घरमा नही येवाव." हे मात्र मी बाईला सांगितलं नाही. पहिल्यांदाच भाषांतर न करता बैल जुंपले.

गाडी वेशीबाहेर पडली. संध्याकाळी ती परत आल्यावर दारात काय होईल तेच माझ्या डोळ्यांपुढे. सळई चुलीत, पोर मांडीवर. एकाएकी तिनं माझ्या खांद्याला धरलं. चेहरा पिठासारखा पांढरा.

"गाडी फिरवा. मी बाळाला चांगलं म्हटलं, आणि आशीर्वाद म्हटला नाही."

तिच्या गावात म्हणे मूल, गाय, ताकाचा डेरा, कशाचंही कौतुक केलं की लगेच 'बल ओ यीआ' म्हणायचं, देवाचा आशीर्वाद असो. न म्हणता कौतुक केलं तर ते त्या जिवावर उलटतं. चार बुकं शिकलेली, इंजेक्शनं देणारी बाई! मला हसू यायला हवं होतं. मी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.

दारात मीठ-मोहऱ्यांचा धूर. पोर आणखी धापा टाकत होतं. आई उंबऱ्यात आडवी उभी. बाईनं आत यायचा हट्ट केला नाही. अंगणातच उभी राहून पोराकडे तोंड करून ते वाक्य म्हणाली, मग बाजूला हळूच थू थू केलं, अगदी आमच्या बायका करतात तसं. तिचे हात कापत होते. मला म्हणाली, "आईंना सांगा, फातीस माझ्यावर आहे."

मी सांगायला तोंड उघडलं. आईनं हातानंच थांबवलं. ती बाईच्या हातांकडे पाहत होती.

"येवू दे तिले," आई म्हणाली. "तिले बी भ्याव शे."

डाग देणाऱ्याला निरोप गेला नाही. आईनं जवस वाटला, बाईनं पोटीस बांधलं. माझ्या बायकोनं पोराला मांडीवर घेतलं, दोघी दोन बाजूंना बसल्या. माझी गरजच नव्हती. मी खांबाला टेकून त्या खळग्याकडे बघत होतो. पडतो, भरतो, पडतो. भीती अंगावर असते म्हणजे काय, ते पाठीला कळत होतं. दिवे लागायच्या सुमाराला पोरानं तोंड फिरवलं, बायकोच्या पदरात दूध शोधलं आणि ओढलं.

ती रडायला लागली. मी ओरडणार होतो, बरा झाला! दोघींनी एकदम माझ्याकडे असं पाहिलं की शब्द जागीच मेला.

दुसऱ्या दिवशी गाडीत बाईला विचारलं, पोर कसं आहे? ती बैलांकडे बघत म्हणाली, "नील कॅल एर." म्हणजे, वाईट नाही. शेजारणीनं आईला तेच विचारलं तेव्हा आईनं पोराला पदरानं आणखी झाकलं.

"शे आपला, कसातरी."