सुजाताचा धाटाचा पिंजरा

चिंचोळीकरांनो, आमची धाकटी बहीण सुजाता बेंगळुरात नेमकं काय करते म्हणून विचारता न्हवं? मलाबी आज दुपारीच कळलं.

ती सुट्टीला आली की माय म्हणती, "पुरं झालं शिकणं, घरी ऱ्हा." आज तर चिडलीच, "सारखं पिंजरा पिंजरा करायलीस, कुणाला कोंडायलीस?"

सुजातानं कडब्यातलं ज्वारीचं धाट सोललं. लहानपणी गाडी करायचो तसं, आतल्या मऊ भेंडाच्या तुकड्यांत सालीच्या काड्या खोचून इवला पिंजरा केला. "तिथं मी असाच, पर डोळ्याला न दिसणारा पिंजरा करते. भेंड म्हणजे धातू, काड्या म्हणजे सेंद्रिय रेणू." मग तीन दाव्यांची टोकं एकात एक गुंफली. "डीएनएचे पीळ कधी कधी असे भेटतात, मधी पोकळी ऱ्हाते."

मी पिंजरा सरळ दाव्यावर ठेवला, घसरला. तिनं पोकळीत ठेवला, बरोब्बर बसला!

"ही जागा अडवली तर कॅन्सरची पेशी वाढायची थांबल का, ते शोधायचंय."

आमची मावशी कॅन्सरनंच गेली. मायनं हळूच विचारलं, "माझी बहीण वाचली असती?"

"माहीत न्हाई माय. अजून सगळं काचेच्या नळीतच हाय."

खोटा धीर देणं किती सोपं होतं! तिनं दिला न्हाई. लई अभिमान वाटला. तुम्हाला जमलं असतं का?

मायनं पिंजरा उचलून सुजाताच्या हातात दिला. मग म्हणाली, "मग हितं कामून बसलीस? जा, शोध जा."